प्राचार्य आणि मॅनेजमेंट सगळं परस्पर ठरवतात, शिक्षकांनी करायचं काय?

वाशी_पूल
मी नवी मुंबईतल्या एका अनुदानित कॉलेजात शिकवते, नाव लिहीत नाही. हल्ली एकही निर्णय आम्हाला विचारून होत नाही. टाइमटेबल बदललेलं व्हॉट्सॲपवर कळतं, रिकामी जागा भरायची नाही, तासिका तत्त्वावर कुणीतरी घ्यायचं हेही व्हॉट्सॲपवरच, आणि परवा तर रात्री मेसेज की उद्याच्या कार्यक्रमाला प्रत्येकाने आपल्या वर्गातली मुलं आणून बसवायची आणि जिओटॅग फोटो ग्रुपवर टाकायचे, नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या तपासणीच्या, फायलीला लागतात. माझं टीवायचं, म्हणजे तिसऱ्या वर्षाचं, प्रॅक्टिकल होतं, ते रद्द केलं, मुलं हॉलमध्ये पाहुण्यांची वाट बघत बसली. जर्नल पूर्ण व्हायचीयेत, परीक्षा तोंडावर आलीये, त्याचं कुणाला काही नाही. स्टाफरूममध्ये सगळे चिडलेले असतात पण मीटिंगमध्ये एकजण तोंड उघडत नाही, कारण प्रमोशनची फाइल शेवटी प्राचार्यांच्याच टेबलावरून पुढे जाते. अमेरिकेत म्हणे प्राध्यापक अध्यक्षांवर अविश्वास ठराव आणतात. आपल्याकडे असं काही आहे का?

कळवा_स्लो
मॅडम, अविश्वास ठराव असा नाही. पण तुमची सीडीसी, म्हणजे महाविद्यालय विकास समिती, कोण चालवतं ते आधी बघा. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याच्या कलम ९७ मध्ये ती आहे, संलग्न कॉलेजला बंधनकारक आहे, त्यात शिक्षकांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन पूर्णवेळ शिक्षक असतात, त्यात किमान एक महिला, आणि वर्षातून निदान चार बैठका व्हायलाच पाहिजेत. बजेट, नवे कोर्स, कॉलेजचा विकास आराखडा हे सगळं तिथून जायला हवं. आता खरं सांगा, तुमच्याकडे ही निवडणूक झालेली तुम्हाला आठवतेय का? बऱ्याच ठिकाणी प्राचार्य तीन नावं लिहून टाकतात आणि रजिस्टर सह्यांसाठी फिरतं, वरचा मजकूर अर्धा कोरा. तिथे सही करू नका. आधी मागच्या बैठकीचं इतिवृत्त लेखी मागा. अनुदानित आहात म्हणजे माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो.

घोडबंदर_रोड
अमेरिकेचं विचारलंय म्हणून लिहितो. हार्वर्डमध्ये मार्च २००५ मध्ये तिथल्या कला आणि विज्ञान विद्याशाखेने अध्यक्ष लॉरेन्स समर्स यांच्यावर अविश्वास दाखवला, २१८ विरुद्ध १८५. पण अशा ठरावाने कुणाची खुर्ची लगेच जात नाही, अधिकार शेवटी वरच्या मंडळाकडेच असतो. समर्स यांनी राजीनामा जाहीर केला तो थेट फेब्रुवारी २००६ मध्ये. तरी मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, की मतं मोजली गेली आणि आकडा सगळ्यांसमोर आला. आपल्याकडे नाराजी असते भरपूर, पण ती कुठल्याच कागदावर नसते, त्यामुळे मॅनेजमेंटला बिनधास्त म्हणता येतं की आमच्याकडे एकही तक्रार नाही.

नौपाडा_जुना
मी ठाण्यात काही वर्षं प्रभारी प्राचार्य होतो, आता निवृत्त आहे. सगळ्यांचा राग समजतो, पण खुर्चीवरचा माणूस कसा अडकतो तेही बघा. पगाराचं, पदमान्यतेचं काही असलं की पनवेलला सहसंचालक कार्यालयात फेऱ्या, परीक्षेचं असलं की विद्यापीठ, आणि संध्याकाळी संस्थेच्या सचिवांचा फोन की अमुक मुलाची ॲडमिशन करा. त्यात प्रभारी म्हणजे कधीही बाजूला करतील. मी सचिवांना नाही म्हणू शकलो तो फक्त तेव्हाच, जेव्हा विभागप्रमुखांनी मला लेखी पत्र दिलं होतं. ते पत्र पुढे करून बोलता यायचं. वरच्या घोडबंदर सरांनी हार्वर्डचं लिहिलंय, त्याच्या उलट व्हर्जिनिया विद्यापीठात झालं. जून २०१२ मध्ये तिथल्या मंडळाने अध्यक्षा टेरेसा सलिव्हन यांना राजीनामा द्यायला लावला, तेव्हा प्राध्यापक त्यांच्या बाजूने उभे राहिले, प्राध्यापकांच्या सिनेटने मंडळावरच अविश्वास दाखवला, आणि त्याच महिन्यात मंडळाला त्यांना परत घ्यावं लागलं. तुमचे प्राचार्य स्वतः मनमानी करतायत की त्यांच्यावर वरून दबाव आहे, हे आधी शोधून काढा. दोन्हीला उपाय वेगळा आहे.

कोपरखैरणे_७
सर तुमचं पटतं, पण दबाव वरून आला तरी तो शेवटी खालच्यांवरच ढकलला जातो ना. मी विनाअनुदानित विभागात आहे, दरवर्षी नवं नियुक्तीपत्र. उन्हाळ्यात पगार नाही आणि तेव्हाच ॲडमिशनच्या टेबलावर बसवतात. आमच्यासारख्यांनी लेखी दिलं की जूनमध्ये फोनच येत नाही. म्हणून पर्मनंट असलेल्यांनी आधी सही करावी ही विनंती, आमच्या वतीने पण. कृपया हे मनावर घ्या.

कळवा_स्लो
कोपरखैरणे, अगदी बरोबर. मॅडम, पत्र एकटीने देऊ नका. किमान पाच-सहा पर्मनंट सह्या, इनवर्डला, म्हणजे ऑफिसच्या आवक नोंदीत, नंबर आणि शिक्का घेतलेली कॉपी आपल्याकडे, आणि मागणी एकच ठेवा. सगळ्या तक्रारी एका पत्रात कोंबल्या की त्यातली सगळ्यात लहान उचलून उत्तर देतात. प्राध्यापक संघटनेच्या लोकांना पण भेटा, बुक्टू म्हणजे मुंबई विद्यापीठातल्या प्राध्यापकांची संघटना, त्यांना सीडीसीचे नियम तोंडपाठ असतात.

वाशी_पूल
सगळ्यांचे मनापासून आभार. आज वेबसाइटवर बघितलं, आमच्या सीडीसीत शिक्षक प्रतिनिधी म्हणून तीन नावं आहेत, त्यातले एक सर मागच्या वर्षीच रिटायर झालेत, आणि निवडणूक झालेली आमच्या विभागात कुणालाच माहीत नाही. सीनियर मॅडमशी बोलले, त्या पहिली सही करायला तयार आहेत. पत्रात फक्त एवढंच मागतोय की रिकाम्या जागेसाठी निवडणूक घ्या आणि मागच्या बैठकांची इतिवृत्तं द्या. विनाअनुदानितच्या कुणाचीही सही घेणार नाही, कोपरखैरणे, काळजी करू नका. सोमवारी इनवर्डला देतोय.