मदत हवी आहे : नेत्याच्या शांतपणाचा परिणाम मुद्द्यांपासून वेगळा कसा काढावा?

राजकीय नेत्याचा शांत, आत्मविश्वासपूर्ण वावर जनमतावर कितपत परिणाम करतो, यावर मी पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी छोटा प्रकल्प करीत आहे. अमेरिकी अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांच्यातील २६ सप्टेंबर १९६० च्या दूरचित्रवाणीवरील वादचर्चेचा दाखला सर्रास दिला जातो. परंतु दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना केनेडी, तर रेडिओच्या श्रोत्यांना निक्सन सरस वाटले, या दाव्यामागील पाहणी फारच तोकडी असल्याने मी तिच्यावर विसंबलेलो नाही. त्याच वादचर्चेवरील राज्यशास्त्रज्ञ जेम्स ड्रकमन यांचा २००३ मधील प्रयोग वाचून झाला आहे.

मला खरे कोडे पडले आहे ते अध्यक्षपदाचे आणखी एक उमेदवार मायकल डुकाकिस यांचे. आपल्या पत्नीवर बलात्कार होऊन तिची हत्या झाली, तर मारेकऱ्याला मृत्युदंड द्यावा का, या १९८८ च्या वादचर्चेतील प्रश्नाला त्यांनी आवाजही न चढवता नकारार्थी उत्तर दिले आणि एरवी खंबीर वाटला असता तोच संयम अनेकांना कोरडेपणा वाटला.

आवाज बंद केलेल्या चित्रफिती आणि नुसत्या लिखित उत्तरांची तुलना करून पाहिली. मात्र ओळखीच्या नेत्याबाबत पक्षनिष्ठा आड येते, तर अनोळखी नेत्याच्या बाबतीत चेहऱ्याची ठेवणच निकाल लावते. अभिनेत्याकडून एकच उत्तर दोन ढंगांत वदवून घ्यावे, तर तो शांतपणा बेगडी वाटतो. माझ्याकडे प्रयोगशाळा नाही, केवळ ऑनलाइन प्रश्नावली आहे.

अशा मर्यादेत, प्रश्न भावनिक असताना आणि नसताना त्याच शांतपणाचा अर्थ प्रेक्षक कसा बदलतात, हे तपासण्याची विश्वासार्ह रचना कोणती?