एमआयटी-बीआयएचवर ९९% अ‍ॅक्युरसी, पण रूममेटच्या ईसीजीवर मॉडेल काहीही सांगतंय

शेवटचंवर्ष_ईटीसी:
नमस्कार मंडळी, बीईचा प्रोजेक्ट आहे, ईसीजीवरून एआयने हार्ट अटॅक ओळखायचा असं टायटल गाईडने दिलंय. एमआयटी-बीआयएच डेटा (ठोक्यागणिक खुणा केलेल्या ईसीजी रेकॉर्डचा संग्रह) घेतला, प्रत्येक ठोका कापून वेगळा केला, सगळे ठोके एकत्र करून शफल मारलं, ८०-२० स्प्लिट केला (८०% ट्रेनला, २०% टेस्टला) आणि सीएनएन (एक प्रकारचं न्यूरल नेटवर्क) ट्रेन केलं, तर ९९% च्या वर अ‍ॅक्युरसी आली. गाईड एकदम खूश. मग एडी८२३२ ईसीजी मॉड्यूल आणि अर्डुइनो उनो बोर्ड लावून रूममेटचा ईसीजी काढला. तो पोलीस भरतीची तयारी करतोय, रोज पहाटे पळायला जातो, आणि मॉडेल म्हणतंय याचा अर्धाअधिक ईसीजी व्हेंट्रिक्युलर (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून निघणारे बिघडलेले ठोके) 😅 तो बिचारा घाबरला. मॉड्यूल डुप्लिकेट आहे का? बुधवार पेठेतून घेतलंय. सबमिशन तोंडावर आलंय, प्लीज हेल्प.

सिग्नलवाला:
मॉड्यूलला शिव्या देऊ नकोस, आधी तुझा स्प्लिट बघ. त्या डेटात ४८ रेकॉर्ड आहेत, अर्ध्या अर्ध्या तासाचे, माणसं फक्त ४७ (२०१ आणि २०२ एकाच माणसाचे). तू ठोके शफल केलेस म्हणजे एकाच माणसाचे साधारण अठराशे ठोके ट्रेनमध्ये आणि त्याचेच साडेचारशेक टेस्टमध्ये गेले, मॉडेल आजार शिकलंच नाही, माणसं पाठ केली त्याने. हे म्हणजे फुटलेल्या पेपरवर मेरिट काढल्यासारखं झालं.
पेशंटप्रमाणे स्प्लिट कर. २००४ च्या द शझालच्या पेपरमधली डीएस१-डीएस२ विभागणी सगळे वापरतात, २२ रेकॉर्ड इकडे २२ तिकडे, पेसमेकरवाले चार (१०२, १०४, १०७, २१७) बाहेर. आणि अ‍ॅक्युरसीचं कौतुक सोड, तिथे सगळ्यांना डोळे झाकून नॉर्मल म्हटलं तरी ९०% च्या आसपास येते. क्लासप्रमाणे सेन्सिटिव्हिटी दाखव, म्हणजे त्या प्रकारचे किती टक्के ठोके पकडले ते.

बोस्टन_ते_भोसरी:
वरच्यांचं बरोबर आहे, पण हार्डवेअरचंही बघ. तो डेटा बोस्टनमध्ये १९७५ ते ७९ मध्ये रेकॉर्ड झालाय, तिकडची विजेची लाईन ६० हर्ट्झ, आपली ५०. म्हणजे त्यांचा नॉच फिल्टर (लाईनची गुणगुण काढणारा) जसाच्या तसा उचलला असशील तर आपली गुणगुण तशीच राहणार. सॅम्पलिंग सेकंदाला ३६० चं आहे, तू उनोवर डिलेच्या भरवशावर किती घेतोयस ते मोजलंयस का? ते रीसॅम्पल कर. शिवाय त्यांची बँड ०.१ ते १०० हर्ट्झ आणि तुझं मॉड्यूल साधारण ०.५ ते ४० च पास करतं, तर ट्रेनिंगचा डेटापण त्याच फिल्टरमधून काढ ना, म्हणजे दोन्हीकडचा क्यूआरएस (ठोक्याचा टोकदार भाग) सारखा तरी दिसेल.
आणि महत्त्वाचं, माणसाला इलेक्ट्रोड लावलेले असताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेव. नॉईज तर कमी होतोच पण मुद्दा सेफ्टीचा आहे.

शेवटचंवर्ष_ईटीसी:
थँक्यू दोघांनाही 🙏 पेशंटप्रमाणे स्प्लिट केला. नॉर्मल आणि व्ही (व्हेंट्रिक्युलर) बऱ्यापैकी येतायत पण एस क्लास (वरच्या कप्प्यातून अवेळी येणारे ठोके) पार झोपला. गाईडना दाखवलं तर म्हणाले आधीचाच रिझल्ट ठेव, एक्स्टर्नल परीक्षक एवढ्या खोलात जात नाहीत 🤐

वॉर्डातली_ताई:
मी मेडिसिनची रेसिडेंट आहे, कोडिंगमधलं मला कळत नाही पण एस का झोपला ते सांगते. एट्रियल एक्टोपिक (एसमधला मुख्य प्रकार) आम्ही ओळखतो तो मुख्यतः वेळेआधी आला म्हणून, त्याचा क्यूआरएस बहुतेकदा नॉर्मलसारखाच असतो. तू प्रत्येक ठोका कापून वेगळा केलास, मग तो लवकर आला की वेळेवर हे मॉडेलला कळणार कुठून? आधीच्या आणि नंतरच्या ठोक्याचं अंतर पण दे त्याला.
दुसरं म्हणजे ते हार्ट अटॅकचं टायटल बदलून घे बाबा. अटॅकसाठी आम्ही एसटी सेगमेंट (क्यूआरएसनंतरचा भाग) बघतो, तोही १२ लीडवर (वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेल्या १२ नोंदी), आणि एका लीडमध्ये काहीच न दिसता माणूस अटॅकमध्ये असू शकतो. त्यात तुमचं मॉड्यूल ०.५ हर्ट्झच्या खालचं कापतं म्हणे, मग एसटी तसाही वाकडा होणार, आमच्या डायग्नोस्टिक ईसीजीत ०.०५ पर्यंत ठेवतात. 'ठोक्यांचं वर्गीकरण' म्हण, तेवढं खरं आहे. रूममेटला सांग काही त्रास नसेल तर टेन्शन घेऊ नको, चक्कर किंवा छातीत धडधड होत असेल तर मात्र डॉक्टरकडे जाऊन नीट ईसीजी काढ. इलेक्ट्रोड लावताना तो हलत होता का? स्नायूंचा नॉईज व्हीसारखा रुंद दिसू शकतो.

शेवटचंवर्ष_ईटीसी:
हो ताई, मोबाईलवर रील्स बघत होता 😂

सिग्नलवाला:
ताईंनी आरआर अंतराचं (दोन ठोक्यांमधल्या अंतराचं) सांगितलं तेच कर, एस नक्की सुधारेल. गाईडशी वाद घालू नकोस, रिपोर्टमध्ये एकाच टेबलात दोन कॉलम टाक, शफल स्प्लिट आणि पेशंट स्प्लिट, आणि फरक का पडतो ते खाली लिही. गाईडचा आकडाही राहतो आणि तुझाही. फक्त एक तयारी करून जा: एसचे साधारण पावणेतीन हजार ठोके आहेत त्यातले १,३८२ एकट्या २३२ नंबरच्या रेकॉर्डमधले, आणि तो डीएस२ मध्ये येतो. एक्स्टर्नल जाणकार निघाला तर २३२ वगळून किती येतं हे विचारेल, तो आकडा आजच काढून ठेव.