जीपचे क्राउन-पिनियन बदलायचे आहेत : गॅरेजला द्यावं की घरी करावं? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

फोर बाय फोरच्या दोन्ही एक्सलचे क्राउन-पिनियन (शाफ्टची फिरकी चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी) बदलून रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे, वाढवायचा आहे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात कुणी हे काम करून घेतलं असेल किंवा स्वतः केलं असेल, तर अनुभव हवा आहे. गाडी गॅरेजला सोडावी की घरच्या शेडमध्येच उघडावी यावर आमच्याकडे रोज खल चाललाय, आणि पाऊस लागायच्या आत काय ते ठरवायचंय.

आधी गाडीबद्दल. नव्वदच्या दशकातली महिंद्रा जीप, डीआय डिझेल, चार गिअरचा बॉक्स, टॉप गिअर डायरेक्ट (इंजिन आणि शाफ्टचे फेरे सारखे). आधीच्या मालकाने एक्सल बदललेत, त्यामुळे पुस्तकातला रेशो धरून चालत नाही. म्हणून मोजूनच काढला. पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रल केली, मागचं एक चाक जमिनीवर ठेवून दुसरं जॅकवर उचललं. प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण केली आणि उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवलं. एक चाक स्थिर असलं की दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांत क्राउन एकदा फिरतो, त्यामुळे शाफ्टचे फेरे म्हणजेच रेशो. खूण पावणेचार फेऱ्यांच्या किंचित अलीकडे थांबली. म्हणजे ३.७३, क्राउनला ४१ दात आणि पिनियनला ११. पुढच्या एक्सललाही तेच आलं.

आता टायर. पूर्वी २१५/७५ आर १५ होते, आता ३१ इंची आहेत. व्यास साधारण ७०४ मिलिमीटरवरून ७८७ वर गेला, म्हणजे १२ टक्के वाढ. त्यामुळे ३.७३ असून गाडी ३.३३ असल्यासारखी ओढते. वैभववाडीकडून करूळ घाट चढताना तिसरा गिअर टिकत नाही आणि दुसऱ्यात इंजिन बोंबलतं. त्याहून वाईट म्हणजे भुदरगडात पाटगावच्या बाजूला मामांचं शेत आहे, तिथला लाल मातीचा चढ. पावसाळ्यात लो रेंजमध्ये पहिल्या गिअरलासुद्धा गाडी जरा जास्तच पळते, म्हणून क्लच अर्धवट दाबून चढवावी लागते. वर पोचेपर्यंत क्लच प्लेटचा वास केबिनभर होतो. हे असंच चालू ठेवलं तर प्लेट वर्षभरही टिकायची नाही.

पूर्वीची ओढ परत मिळवायला हिशेबाने ४.१७ रेशो लागतो. त्याच्या जवळचे म्हणजे ४.१० आणि ४.२७. माझा कल ४.२७ कडे आहे, कारण गाडीचं खरं काम घाटात आणि शेतात आहे. जुन्या बाजारात एक एक्सलची जोडी पाहिली, दात मोजले तर ३९ आणि ८ निघाले, म्हणजे ४.८८. शेतासाठी उत्तम, पण पुण्याला जाताना हायवेला त्रास होईल. या टायरवर टॉप गिअरमध्ये ताशी ८० ला आता इंजिन साधारण २००० आरपीएमवर असतं. ४.२७ ला ते २३०० होईल आणि ४.८८ ला २६०० च्या वर जाईल. या इंजिनाला तासन्‌तास तसं पळवायला मन धजत नाही.

एका मेस्त्रींनी सुचवलं की मागचा आत्ता करा, पुढचं दिवाळीनंतर बघू. हे मला मुळीच पटलं नाही. पुढचा आणि मागचा रेशो वेगळा असेल तर फोर व्हील लावताच ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा बॉक्स), शाफ्ट आणि त्याच्या सांध्यातले क्रॉस यांच्यावर ताण साठत जातो आणि काहीतरी तुटतं. म्हणजे दिवाळीपर्यंत फोर व्हील लावायचीच नाही. मग ऐन पावसात त्या जीपचा उपयोग काय?

गॅरेजचं सांगतो. दोन ठिकाणी जाऊन आलो. पहिल्याने दोन्ही एक्सलची मिळून २२ हजार मजुरी सांगितली, सामान आपलं. दुसरा १४ हजारांत तयार आहे. दुसऱ्याला विचारलं, "क्राउनला प्ले (दातांमधली मोकळीक) किती ठेवता?" तर म्हणाला, "हाताला कळतंय की वो." शिमचं (माप जुळवायच्या पातळ चकत्यांचं) विचारलं तर म्हणाला, जुन्या निघतील त्याच परत टाकायच्या. जुन्या मेस्त्रींच्या हातात जाण असते हे मी मानतो. पण प्रत्येक पिनियन कापताना थोडा इकडेतिकडे होतो, त्यामुळे जुन्या शिम फक्त सुरुवात करायला ठीक असतात. पहिल्याकडे डायल गेज आहे, दातांना लावायची निळी पेस्टही आहे. तो काम नीट करेल असं वाटतं. पण रीडिंग लिहून द्यायला तयार नाही, आणि सामान त्याच्याकडूनच घेतलं तर आवाजाची गॅरंटी, एरवी नाही.

ही गॅरंटीची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. माझ्या मित्राच्या जिप्सीत नवीन सेट बसवला तेव्हा ६० च्या पुढे ॲक्सिलरेटर सोडला की शिट्टीसारखा आवाज यायचा. गॅरेजवाला म्हणे सेट खराब, दुकानदार म्हणे फिटिंग खराब. लिहिलेलं एकही माप नसल्यामुळे दोघांनाही काही विचारता आलं नाही. शेवटी त्याने दुसरीकडे पुन्हा पूर्ण मजुरी भरून ते काम करून घेतलं.

घरी करायचं तर आमच्याकडे थोडी बाजू आहे. बाबा उद्यमनगरात टर्नर होते. मायक्रोमीटर, मॅग्नेटिक बेसचा डायल गेज, मोठा व्हाइस, सगळं घरात आहे आणि बाबांची नजर अजून पक्की आहे. पण डिफरन्शियल त्यांनी कधी बांधलेलं नाही. मी क्लच, ब्रेक, व्हील बेअरिंग, नकल (पुढचं चाक वळवणारा सांधा) या सगळ्याला हात घातलाय. डिफरन्शियलच्या आत अजून गेलेलो नाही.

वाचून आणि विचारून जे समजलंय ते असं. उघडणं, धुणं आणि परत बसवणं यात वेळ जातो, पण कठीण काही नाही. कठीण असतं ते मधलं मापाचं काम. पिनियन किती आत बसला, त्याच्या बेअरिंगला किती ताण दिला आणि क्राउनचा प्ले किती राहिला, या तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पिनियनची शिम बदलली की प्ले बदलतो, प्ले जुळवला की दातांवरचा ठसा सरकतो. डाना ४४ जातीच्या एक्सलला प्ले ६ ते १० थाऊ (इंचाचा हजारावा भाग) सांगतात, म्हणजे ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर. तोही क्राउनवर तीन-चार ठिकाणी मोजायचा. शेवटचा न्याय मात्र ठशाचाच. दातांना पेस्ट लावून, क्राउनला हाताने अडवत पिनियन फिरवायचा आणि ठसा दाताच्या मध्यावर येतो का ते बघायचं. टोकाला किंवा मुळाशी आला तर पुन्हा उघडायचं.

इथेच घरच्या कामाची खरी अडचण आहे. दरवेळी शिम बदलायला पिनियनवरचं बेअरिंग प्रेसवर काढायचं म्हणजे बेअरिंगची वाट लागणार. यावर बाबांनी सुचवलेला तोडगा मला फार आवडला. जुन्या बेअरिंगची आतली रेस थोडी मोठी करून घ्यायची, म्हणजे ती हाताने सरकवून बसेल आणि हाताने निघेल. मापं जुळेपर्यंत ते बेअरिंग वापरायचं आणि शेवटी एकदाच नवीन प्रेस करायचं. रेस कडक पोलादाची असते, लेथच्या टूलला दाद देत नाही, ग्राइंडिंगच करावं लागतं. पण उद्यमनगरात ग्राइंडिंगवाल्यांना काय तोटा!

पिनियनच्या बेअरिंगचा ताण मोजायला साधा टिकटिक करणारा टॉर्क रेंच चालत नाही. पिनियन फिरत असताना किती जोर लागतो ते बघायचं असतं आणि तो जोर इंच-पाउंडात मोजण्याइतका कमी असतो. त्यासाठी काट्याचा छोटा रेंच लागतो. तो आमच्याकडे नाही.

पुढच्या एक्सलबद्दलही एक गोष्ट कळली. अशा जुन्या जीपमध्ये पुढे मागच्यासारखाच सेट असेल, तर गाडी पुढे जाताना त्याच्या दातांची उलटी बाजू काम करते. म्हणून पुढचा ठसा त्या बाजूचा जास्त बारकाईने बघायचा. हे दोन्ही गॅरेजवाल्यांपैकी एकाच्याही बोलण्यात आलं नाही.

या सगळ्यातून माझ्या मनात तिसराच मार्ग घोळतोय. दोन्ही एक्सल घरी उतरवायचे, नकल आणि शाफ्ट काढायचे, हाउसिंग आतून धुऊन स्वच्छ करायचं आणि नुसती हाउसिंग टेम्पोत घालून मापाच्या कामापुरती जाणकाराकडे द्यायची. प्ले आणि ठसा आमच्यासमोर बघायचा, रीडिंग आम्हीच लिहायची, ठशाचे फोटो आम्हीच काढायचे. सील, शाफ्ट, ब्रेक, तेल हे सगळं परत घरी. मजुरी निम्म्याने कमी व्हावी, आणि मुख्य म्हणजे आत काय आहे ते आपल्याला माहीत असेल.

तर विचारायचं ते हे. उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावकडे असं सुटं हाउसिंग घेऊन समोर मोजून देणारा कुणी आहे का? नावनंबर इथे उघड टाकू नका, मला व्यक्तिगत निरोप पाठवा. डाना ४४ मध्ये ३.७३ पर्यंत एक केज (ज्यावर क्राउन बसतो तो सांगाडा) आणि ३.९२ पासून पुढे दुसरा केज लागतो. आपल्याकडच्या जीपच्या एक्सलमध्ये ४.२७ बसवताना तुम्हाला केज बदलावा लागला का, की जुन्याच केजवर चालणारा जाड क्राउन मिळाला? खर्चाचं सगळं गणित त्यावर अवलंबून आहे. आणि ज्यांनी पूर्ण काम घरी केलंय त्यांनी हे सांगा, की पहिल्या एक्सलचा ठसा जुळायला किती वेळा उघडावं लागलं? मी मागच्यापासून सुरू करणार आहे, कारण त्यात नकलची भानगड नाही.

ता. क. : प्रतिसादांत तिघांनी विचारलं म्हणून इथेच लिहितो. ४.८८ चे अख्खे एक्सल आणून थेट बसवायचा पर्याय बघितला आहे. बोल्ट सोडा, बोल्ट आवळा, एवढंच काम, मापाची कटकट नाही. पण त्या जोडीत मागच्या पिनियनला हाताने हलवल्यावर खालीवर हालचाल जाणवते, म्हणजे बेअरिंग गेलेत. ते बदलायला शेवटी तेच सगळं उघडावं लागणार. घट्ट जोडी कुणाच्या पाहण्यात आली तर मात्र जरूर कळवा, हायवेचं मी निभावून नेईन.

रनिंगबद्दलही विचारलंय. नवीन सेटवर सुरुवातीला पंधरावीस मिनिटं सावकाश चालवून पूर्ण थंड होऊ द्यायची, असं काही वेळा करायचं. पहिले ८०० किलोमीटर ट्रॉली ओढायची नाही, आणि त्यानंतर तेल बदलायचं. म्हणूनच घाई आहे. पेरणीच्या आत हे ८०० किलोमीटर रस्त्यावर व्हायला हवेत, नाहीतर नवीन सेट थेट पाटगावच्या चिखलात उतरेल.