शब्दचर्चा: उसना, उधार की ऋण हायड्रोजन?

चंचुपात्र: लेखात 'बॉरोइंग हायड्रोजन'साठी (उत्प्रेरक अल्कोहोलचा हायड्रोजन तात्पुरता काढून घेतो आणि शेवटी परत देतो, ती पद्धत) 'उसना हायड्रोजन' लिहिलं होतं. मुद्रितशोधनात त्याचा 'ऋण हायड्रोजन' झाला. राहू द्यावा का? अभिक्रिया नेहमीचीच: ॲसिटोफेनोन १ मिलिमोल, बेंझिल अल्कोहोल १.१, इरिडियम उत्प्रेरक १ मोल टक्का, पोटॅशियम हायड्रॉक्साइड १० मोल टक्के, टोल्युइन, ११० अंश, बंद नळी.

वजनकाटा: मुळीच नको. रसायनात ऋण म्हणजे विद्युतभार. वाचणारा हायड्राइड (ऋणभारित हायड्रोजन) समजेल, आणि पंचाईत अशी की धातूवर खरोखर हायड्राइडच बसलेला असतो!

उंबरठा: मग 'उधार' घ्या, सगळ्यांना कळतं.

वजनकाटा: उधारी वाण्याकडे: माल नेला, पैसे नंतर. उसनं म्हणजे वाटीभर साखर नेली, वाटीभर साखर आणून दिली. इरिडियम अल्कोहोलचे दोन हायड्रोजन काढतं, बेंझाल्डिहाइड होतं. ते कीटोनशी, म्हणजे ॲसिटोफेनोनशी, जुळून पाणी निघतं, चाल्कोन होतं. मग त्याच्या दुहेरी बंधावर हायड्रोजन परत.

शुद्धमती: उसनं ज्याचं त्याला देतात. इथे दिलं अल्कोहोलनं, पोचलं चाल्कोनला.

चंचुपात्र: चाल्कोनमधला तो कार्बन अल्कोहोलचाच आहे. शेजारीण तीच, आडनाव बदललं.

वजनकाटा: शिवाय साखरेचे तेच दाणे कुठे परत येतात? बेंझिलवर ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) घालून पाहा: उत्पादितात ते पूर्ण उतरत नाही, पाण्यातला साधा हायड्रोजन मिसळतो. 'उसनवारी' चपखल.

राखुंडी: सरसकट नको. ऑस्टिनला टेक्सस विद्यापीठात मायकेल क्रिशे यांच्या गटाच्या पद्धतीत अल्कोहोलचा हायड्रोजन ब्युटाडाइनला मिळतो, आणि तेच मग अल्कोहोलपासून झालेल्या ॲल्डिहाइडला जोडलं जातं. अल्कोहोलचा ओएच गट शाबूत, पाणी बाहेर पडत नाही, परतफेडही नाही. तिथे 'हस्तांतर' म्हणा.

शुद्धमती: आणि 'अल्कोहोल' कशाला? 'मद्यार्क' आहे की.

राखुंडी: मद्यार्क म्हटलं की इथेनॉल आठवतं. 'बेंझिल मद्यार्क' कोण म्हणतं?

शुद्धमती: वापरलं नाही म्हणून रुळलं नाही.

उंबरठा: ते असो. नळी उघडी ठेवून नायट्रोजनचा प्रवाह चालू ठेवला, तर जीसी-एमएसमध्ये (रेणूंचं वस्तुमान दाखवणारं यंत्र) २०८ उरतो. का?

वजनकाटा: २०८ म्हणजे चाल्कोन. हायड्रोजन प्रवाहाबरोबर उडाला, परत द्यायला काही उरलं नाही. आधी नायट्रोजन भरा, मग बूच घट्ट. २१० हवा, म्हणजे हायड्रोजन परत मिळालेलं उत्पादित. २१२ दिसला तर कीटोनसुद्धा क्षपित झालं, म्हणजे त्यालाही हायड्रोजन जोडला गेला. बेंझिल अल्कोहोल जास्त पडलं असेल, ते कमी करा.

शुद्धमती: 'क्षपित' की 'क्षपण झालेलं'?