गुलमोहराच्या बुंध्याला अळंबी आलीय, कोणाला दाखवू?

अंगणातली (पुणे):
आमच्या गेटपाशी गुलमोहर आहे, मी शाळेत असताना बाबांनी लावलेला, तीसेक वर्षं सहज झाली. यंदा मे संपत आला तरी रस्त्याकडच्या फांद्यांना ना फूल ना पालवी, घराकडची बाजू मात्र लालभडक. परवा झाडताना बघितलं तर बुंध्याला जमिनीलगत ताटलीएवढी तपकिरी कडक अळंबी, कडेला पांढरी किनार. दोन वर्षांपूर्वी पार्किंगसाठी अगदी खोडाला चिकटून पेव्हर ब्लॉक घातलेत. फांद्या तोडणारा एक जण म्हणतो वरून निम्मं उडवू म्हणजे ओझं कमी. करू का?

मातीतला माणूस:
ताई, प्लीज थांबा. वर्णनावरून ती गॅनोडर्मा वाटते, गुलमोहरावर फार दिसते. ती खरवडून काढून काही होत नाही, कारण बुरशी आत मुळं आणि बुंधा कुजवत असते आणि बाहेर दिसतं ते फक्त तिचं फळ. आणि अर्धं झाड हिरवं आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पाणी वर नेणारं लाकूड बाहेरच्या थरात असतं, त्यामुळे आतून पोकळ झाड पण फुलतं. लाकडी हातोडीने बुंधा चहूबाजूंनी ठोकून बघा, कुठे ढबढब आवाज येतो का. झाड नव्याने कललंय का, कललेल्या बाजूच्या उलट बाजूला जमीन फुगलीय किंवा भेगाळलीय का तेही बघा. शेंडा उडवला तर मोठ्या जखमांतून अजून कूज शिरते, वर फुटणारे धुमारे पण कच्चे असतात. झाडांचा जाणकार बोलवा, नुसता तोडणारा नको.

सदाशिवकर:
आणि परवानगीशिवाय हात लावू नका. झाड आपल्या आवारातलं असलं तरी १९७५ चा वृक्ष कायदा लागू होतो, त्यात झाडाला कुठलीही इजा करणं हेसुद्धा तोडण्यातच धरलंय. पालिकेच्या उद्यान विभागात वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज द्या, अळंबीचे फोटो जोडा, खाली मुलं खेळतात हे स्पष्ट लिहा.

भाट्याची सून:
आमच्याकडे माडाचं असंच झालं होतं. खोडाला छिद्रं, तपकिरी रस गळत होता, सासऱ्यांनी कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज! सोंड्या भुंगा. वर झावळ्या हिरव्यागार होत्या हो, म्हणून आम्ही उशिरा बघितलं, माड गेलाच.

अंगणातली (पुणे):
ठोकून बघितलं. रस्त्याच्या बाजूला चक्क डब्यासारखा आवाज येतोय 😟 गाडी आत्ताच हलवली, मुलांना तिकडे जायला बंदी. उद्या सकाळीच अर्ज देते. तोवर ते ब्लॉक काढून टाकू का?

मातीतला माणूस:
आत्ता नको. ब्लॉक उपटताना धड असलेली मुळं तुटली तर उरलासुरला आधार पण जाईल. आधी पाहणी होऊ दे. आणि गेटच्या आत-बाहेर दोन्हीकडे दोरी बांधा, पहिला वळीव कधीही येईल.