रोलप्लेइंग खेळाची जाहिरात पेपरात आणि रेडिओवर द्यावी का?

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

प्रस्ताव असा आहे. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडे टेबलाभोवती बसून रोलप्लेइंग खेळ खेळणारे मोजकेच आहेत. गणपतीत चाकरमानी गावी येतात, पोरं घरी असतात. त्याआधी पंधरवडाभर पेपरच्या जिल्हा पुरवणीत एक चौकट, आकाशवाणी रत्नागिरीवर २० सेकंद आणि केबलवर खालून सरकणारी पट्टी द्यायची, वर्गणी काढून.

नवख्यांसाठी थोडक्यात: एक जण खेळ चालवतो, त्याला जीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात, आपलं पात्र काय करतं ते तोंडाने सांगतात, आणि जिथे यशाची खात्री नाही तिथे फासा टाकतात. जिंकणं-हरणं नाही, पैसा लावणं नाही. लाइट गेली तरी चालतो, म्हणजे आपल्या पावसाळ्याला सोयीचा. लोकांना हा प्रकार माहीतच नाही म्हणून ते येत नाहीत. जाहिरात द्यावी असं माझं मत. बोला.

कातळसडा

विरोध. अडचण माहितीची नाही, जीएमची आहे.

हिशोब करा. मारामारीच्या प्रसंगात एका खेळाडूला आपली पाळी उरकायला साधारण २ मिनिटं लागतात, जीएमला सगळ्या शत्रूंची मिळून ३. टेबलावर चौघे असतील तर आपली पाळी संपल्यावर पुन्हा येईपर्यंत ९ मिनिटं जातात. आठ जण बसवले की १७. नवखा माणूस सतरा मिनिटं काय करणार? मोबाइल काढणार. म्हणून एका टेबलाला पाचच. जाहिरात वाचून ४० जण आले तर ८ जीएम हवेत. अख्ख्या जिल्ह्यात तेवढे तयार आहेत का? नसले तर एकेका टेबलावर दहा-दहा कोंबणार, आणि ते पुन्हा फिरकणार नाहीत. जो कधी आलाच नाही त्याला उद्या बोलावता येतं, कंटाळून गेलेल्याला नाही.

शिडाचं गलबत

कातळसडा, तुमचा हिशोब बरोबर, निष्कर्ष घाईचा. मोठ्या माध्यमांनी या खेळाचं काय केलं ते बघा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा. पहिली काही वर्षं तो हौशी मंडळींतच फिरत होता. १९७९ मध्ये मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि तो विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत हा खेळ खेळताना हरवला, अशा बातम्या आल्या. खरं कारण वेगळंच निघालं, पण खेळाचं नाव घराघरांत गेलं आणि खप वाढला. १९८३ मध्ये सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर त्याची कार्टून मालिका आली. त्याच दशकात ‘हा सैतानाचा खेळ’ म्हणून पालकांनी मोहीम उघडली, १९८५ मध्ये ‘६० मिनिट्स’ या कार्यक्रमानेही तो वाद दाखवला.

आपण आपली ओळख करून दिली नाही, तर दुसरा कुणीतरी करून देतो, आणि ती अशी असते. गावात आधी जाहिरात पोचलेली बरी की आधी अफवा?

कातळसडा

तो खप कुठे वाढला ते बघा. जिथे दुकानात खेळाचा खोका मिळत होता आणि शेजारी कुणीतरी आधीपासून खेळत होतं तिथे. इथे चौकट वाचून माणूस जाणार कुठे? शिवाय कंपनी जाहिरात देते ती खोका विकायला, खोका गेला की तिचं काम झालं. आपल्याला विकायचंच काही नाही, माणूस चार तास खुर्चीवर बसवायचा आहे.

तिरफळ

माका एक कळना नाय, जीएम नाय म्हणान रडतास कित्याक? दशावतारात लिवलेली संहिता नसता. आख्यान ठरता, आणि भाषणा थयच्या थय. हुमरमळ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत अशी तोंडपाटीलकी करणारी माणसा आसत. जायरात करूची तर खेळणाऱ्यांसाठी नको, जीएमसाठी करा.

कातळसडा

तिरफळभाऊ, कल्पना आवडली, पण अर्धीच. दशावतारी नट आपलं भाषण रंगवत नेतो, जीएमला आपलं भाषण तोडता आलं पाहिजे. दोन-तीन वाक्यांत जागा सांगायची आणि ‘आता तू काय करतोस?’ विचारून गप्प बसायचं. बोलक्या माणसाला नेमकं तेच जड जातं.

नव्या जीएमची दुसरी खोड म्हणजे सगळं अवघड ठेवणं. पहिल्या पातळीच्या, म्हणजे नव्या पात्राला त्याच्या हुकमी कामात फाशाच्या आकड्यावर साधारण +५ मिळतात, आणि ती बेरीज जीएमने ठरवलेल्या लक्ष्याएवढी तरी भरावी लागते. लक्ष्य १५ ठेवलं तर वीसबाजूच्या फाशावर १० किंवा वर पडायला हवेत, म्हणजे ५५ टक्के. जवळजवळ निम्मे प्रयत्न फसतात आणि नवख्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. लक्ष्य १२ ठेवा, शक्यता ७० टक्क्यांवर जाते. आणि ज्या धाग्याशिवाय कथा पुढे सरकणारच नाही तो फाशावर कधी टांगू नये, सरळ हातात द्यावा.

ओटीवरची

जाहिरातीत काय असावं यावर कुणीच बोलत नाही, म्हणून लिहिते.

फाशांचा मोठा फोटो नको. आपल्याकडे फासा दिसला की शकुनी आठवतो, नाहीतर मटका. कायद्याने अडचण नाही, कारण पैसा लागतच नाही. पण ‘बक्षीस’ किंवा ‘जिंका’ असा एक शब्द घातलात की पेपरच्या जाहिरात विभागापासून पोलीस पाटलापर्यंत सगळे विचारणार. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींवर बंदी आल्यापासून ‘गेम’ दिसला तरी लोक सावध होतात.

रंगवलेल्या बाहुल्या, छोटे किल्ले यांचेही फोटो नकोत. एवढं सामान लागतं असं वाटून माणूस मागे हटतो. खरं सामान एवढंच: टेबलामागे सात फाशांचा एक संच, पाच पेन्सिली, आणि आधीच भरून ठेवलेली पात्रांची पानं. पानं लॅमिनेट करा, श्रावणातल्या दमटपणात साधा कागद तासाभरात लोळागोळा होतो. नियम मराठीत छापायलाही हरकत नाही: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळा आहे. श्रेय द्यावं लागतं. कंपनीचा लोगो मात्र चौकटीत लावू नका, परवान्यात तो येत नाही.

आणि कृपा करून गावच्या राखणदाराला किंवा देवचाराला राक्षस करू नका. एकाच बैठकीत सगळा गाव विरोधात जाईल, आणि ते वाजवीच असेल. चाचे, बुडालेली गलबतं, तस्करी, एवढं आपल्या किनाऱ्याला पुरे आहे.

खाडीपलीकडे

फासे मिळत नसतील तर पत्ते चालतात. ५२ मधून राजा, राणी, गुलाम मिळून १२ पानं काढा. उरली ४०, एक्क्यापासून दश्शीपर्यंत. लाल पान आलं तर जेवढा आकडा तेवढा, काळं आलं तर त्यात १० मिळवा. १ ते २० तयार. ओढलेलं पान दर वेळी परत घालून पिसायचं, नाहीतर मोठी पानं आधी संपली की उरलेल्यांवर अन्याय होतो. (सावंतवाडीच्या १२० पानी दशावतारी गंजिफ्यातून २० राजे-प्रधान बाजूला ठेवले की दहाबाजूचा फासा होतो. पण ती हाताने रंगवलेली पानं तळलेल्या मोदकाच्या बोटांनी कुणी हाताळू नयेत.)

ओटीवरची ताईंचे मुद्दे मान्य. म्हणून रेडिओच बरा वाटतो, खेळच मुळी बोलण्याचा. मसुदा:

— दाभोळची शेवटची फेरीबोट गेली. पलीकडे कुणीतरी मशाल हलवतंय. काय करतोस?
— होडी सोडतो.
— ओहोटी लागलीय, होडी बाहेर ओढतेय. टाक फासा.
— सतरा!
— पोचलास. पण मशाल धरणारा तुझ्या ओळखीचा आहे.

शिडाचं गलबत

झकास. पण यातच १५ सेकंद गेले. उरलेल्या पाचात ठिकाण, वार, वेळ कसं बसवणार? ३० सेकंदांची वेळ घ्या. पेपरात चौकटीऐवजी विक्रेत्याकडून अंकात हँडबिल घालून घ्या, तेही फक्त ज्या गावात टेबल लागणार तिथे.

कातळसडा

रेडिओ आणि हँडबिल, दोन्ही चालेल, अटींवर. आधी जीएम तयार करा आणि ते जेवढी टेबलं घेतील त्याच्या पाचपटच जागा जाहीर करा. दोन टेबलं असतील तर ‘जागा १०, नाव आधी नोंदवा’ असं स्पष्ट लिहा. वेळ दुपारी २ ते ५.३०, संपायची वेळ छापाच, कारण आतल्या गावांतली शेवटची एसटी लवकर असते आणि ती चुकली तर पालक पुन्हा पाठवणार नाहीत. वयाची अट लिहा. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, सर आली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. कौलारू वाचनालय किंवा शाळेचा वर्ग बघा, दोन टेबलांत निदान आठ फूट अंतर ठेवा.

केबलच्या पट्टीला मात्र विरोध कायम. त्यात यातलं काहीच मावत नाही, नुसता फोन नंबर सरकत राहतो.

तिरफळ

ता सगळा ठीक. पण हँडबिलावर फोन कोणाचो घालतलास? चतुर्थीच्या दिसात उचलतलो कोण?