थंडीत हायड्रॉलिक तेल: नुसता ग्रेड बघू नका
थंडीत ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक तेल घट्ट होऊन त्रास देतं; तेव्हा ४६ ऐवजी ३२ ग्रेडचं (ग्रेड म्हणजे तेलाच्या घट्टपणाचा आकडा) तेल भरलं की त्रास संपतो, असा एक सल्ला दिला जातो. लोडरच्या (ट्रॅक्टरला पुढे लावलेल्या, माल उचलणाऱ्या बादलीच्या) पंपाला वेगळी तेलाची टाकी असेल तर ठीक. ३२ ग्रेडचं तेल पातळ असतं, गारठ्यात लवकर वाहतं. पण बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, लिफ्ट आणि तेलातले ब्रेक एकाच तेलावर चालतात. तिथे कृपा करून साधं हायड्रॉलिक तेल भरू नका! ब्रेक किरकिरतात, गिअर झिजतात. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं यूटीटीओच (गिअर, लिफ्ट आणि ब्रेक तिन्हींसाठी बनवलेलं ट्रॅक्टरचं तेल) घ्या. त्यातही थंडीसाठी कमी व्हिस्कॉसिटीचं, म्हणजे जास्त पातळ, मिळतं.

सुरू करताच पंप कण्हत असेल तर त्याला घट्ट तेल ओढता येत नाहीये. लिफ्ट न उचलता १० मिनिटं कमी आरपीएमवर चालू द्या. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, ते पाणी गोठून सक्शन फिल्टर (पंपाआधीची गाळणी) अडवतं.